साखळ्या कुठं हायत

पस्तीसेक वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत हे माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलं नाही. बायकोला नाही सांगितलं. तापात बरळलो, तेव्हाही पहिली काळजी हीच — आपण काही बोललो तर नाही ना? आज तुम्हाला सांगतोय. का सांगतोय, ते मला नीट माहीत नाही. माझ्याकडून हे ऐकायचा ज्यांचा हक्क होता, ती माणसं आता नाहीत, म्हणून असेल. म्हणजे आजही भित्राच आहे मी.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं, फाट्यापासून दीड कोस आत. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती. गावात आमचं घर खातंपितं. थोरले भाऊ बाबाराव शेती बघायचे आणि मी, दादाराव, गाडी चालवायचो. पिकअप जीप घेतली होती आणि तिला जोडायला दोन चाकांची ट्रॉली. त्या भागात तसली गाडी दुसऱ्या कुणाकडं नव्हती, आणि हे मी कुणाला विसरू द्यायचो नाही.

त्या वर्षी गावात मारुतीच्या देवळाचा सभामंडप बांधून झाला होता. फरशी आणि कळस परभणीहून आणायचा होता. मी म्हणालो, मी आणतो. एका खेपेत आणतो.

जायच्या आदल्या दिवशी गाडीचा मागचा हूक नव्यानं जोडून घ्यायला मी फाट्यावर गेलो. तिथं उत्तम मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं. उत्तम आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. औरंगाबादेत कारखान्यात काम करून परत आलेला. बायको आणि एक लहान मुलगी. नामांतराच्या मोर्चाला परभणीला जायचा, आणि गेलो होतो म्हणून सरळ सांगायचा. गावात काही लोकांना ते सलायचं. मला सलायचं का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो.

हूक जोडून झाल्यावर त्यानं त्यावर हातोड्याचे चार ठोके घातले, कान देऊन आवाज ऐकला. मग म्हणाला, "दादाराव, फरशी लय जड असती. पिकअपमदी बी माल भरणार ना? मग दोन खेपा करा."

मी म्हणालो, "बघू."

तो थांबला नाही. ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवून सांगत राहिला — वजन चाकांच्या जरा पुढं ठेवा, दांडी हुकावर दाबून बसली पायजे. मागं वजन गेलं की ट्रॉली शेपूट हलवायला लागती, मग ती गाडीलाच ओढती. या दोन साखळ्या हुकाखालून आडव्या घातल्यात, त्या काढू नका. हूक सुटला तरी ट्रॉली गाडीला धरून ऱ्हाईल. आन् उताराला गेअरमदीच ठेवा.

दुकानासमोर गावची चार माणसं बसली होती. त्यातला एक हसला. "मिस्त्री, आता तू दादारावाला गाडी शिकवतो व्हय?"

"चालवायला न्हाई शिकवत," उत्तम म्हणाला. "थांबवायचं सांगायलोय."

सगळे हसले. मीही हसलो. पण कान तापले होते माझे. त्यानं — त्यानं मला चारचौघांत शिकवावं? त्या 'त्यानं'मागचा जातीचा शब्द मी तेव्हा मनातसुद्धा पुरता उच्चारला नव्हता. पण तो होता. बाकी सगळं त्यातूनच निघालं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी परभणीला गेलो. पिकअपमध्ये सिमेंटची पोती भरली. ट्रॉलीत फरशी. हमालांनी सोयीचं म्हणून मागच्या फाळक्याकडून भरायला घेतलं आणि तिथंच थर चढवत गेले. मला दिसत होतं. दांडी हुकावर बसायच्या ऐवजी वर उचलल्यासारखी दिसत होती. उत्तमनं सांगितलेलं आठवलं का? आठवलं. आठवलं म्हणूनच मी हमालांना थांबवलं नाही. मी त्याचं ऐकलं असं माझ्याच मनाला दिसायला नको होतं.

दोर कमी पडला. फरशी बांधायला काहीतरी पाहिजे होतं. मी खाली वाकलो, हुकाखालच्या दोन्ही साखळ्या सोडल्या आणि फरशीवरून आवळल्या.

भाऊंनी विचारलं, "साखळ्या काढल्यास का रे?"

"काही होत नाही, भाऊ."

पुढं माझ्याशेजारच्या सीटवर कळस ठेवला होता, गवतात गुंडाळून. सिमेंटच्या पोत्यांवर जागा नव्हती. मग भाऊ कुठं बसणार? मीच म्हणालो, तुम्ही ट्रॉलीवर बसा, अगदी मागं, फरशी सरकली तर हाक मारा. ते चढून बसले. माझा मोठा भाऊ होता तो, त्यानं मला कडेवर खेळवलं होतं, आणि लहान भावानं सांगितलं म्हणून मुकाट्यानं फरशीच्या ढिगावर जाऊन बसला.

जिंतूरपर्यंत सपाट रस्ता. तिथंच ट्रॉली हलायला लागली होती. वेग वाढवला की मागून गाडीला हिसके बसायचे, डावीकडं, उजवीकडं. मी वेग कमी केला की थांबायचं. मला कळत होतं काय होतंय ते. जिंतूरला थांबून फरशी पुढं सरकवता आली असती, तासाभराचं काम. पण गावच्या वेशीत लोक चार वाजता कळसाला वाजतगाजत घेऊन जायला उभे राहणार होते, आणि मला उशिरा पोचायचं नव्हतं.

जिंतूरच्या पुढं रस्ता चढउताराचा आहे. एका लांब उताराला मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. सगळे ड्रायव्हर टाकतात, डिझेल वाचतं. खाली ओढ्यावर फरशीपूल होता. गाडी धावायला लागली आणि मागचे हिसके सुरू झाले. भाऊंची हाक ऐकू आली — "हळू घे रं, दादा!"

मी ऐकली. ऐकली नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. पण ऐकली.

मी ब्रेक दाबला. पिकअप अडली, ट्रॉली अडली नाही. तिनं मागून धक्का दिला, दांडी वर उसळली, ती हुकात अडकवणारी खिट्टी तुटली. गाडी एकदम हलकी झाली. हलकी — त्या क्षणी बरं वाटलं मला, हेही सांगतो. मग आरशात पाहिलं तर मागं ट्रॉली नव्हती.

ती रस्ता सोडून ओढ्यात उतरली होती. फरशी भाऊंच्या अंगावर होती. मी एकेक फरशी उचलत होतो. शेजारच्या शेतातून माणसं पळत आली, त्यांनीही उचलली. जिंतूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत भाऊ गेले होते.

पण मधली एक गोष्ट राहिली. माणसं पळत येत होती, अजून लांब होती, तेव्हा मी फरशीवरच्या साखळ्या सोडल्या आणि पिकअपच्या सीटखाली सारल्या. भाऊ तिथं कण्हत होते. मी आधी साखळ्या लपवल्या, आणि मग त्यांच्याकडं गेलो. किती वेळ लागला असेल त्याला? फार नाही. पण आधी ते केलं.

दवाखान्याच्या आवारात गावची माणसं जमली. कुणीतरी विचारलं, झालं कसं? मी म्हणालो, "वेल्डिंग निघालं."

"उत्तम मिस्त्रीनं केलं होतं न्हवं?"

मी मान हलवली. तेवढंच. "मुद्दाम केलं असंल" हे मी म्हणालो नाही. ते दुसरं कुणीतरी म्हणालं. मग तिसरं म्हणालं, देवळाचं काम होतं म्हणून केलं. चौथ्यानं मोर्चाची गोष्ट काढली. ते दिवसच तसे होते, एक ठिणगी पुरायची. आणि ती ठिणगी टाकून मी खाली मान घालून बसलो. मला समजत नव्हतं का, हे कुठं चाललंय? मी काय लहान होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंना अग्नी दिला. दुपारी उत्तम आमच्या घरी आला. एकटाच. त्याला कुणी येऊ नको म्हणून सांगितलं असणार, तरी आला. ओसरीवर बसलेल्यांनी तोंडं फिरवली. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. मग तो गोठ्याकडं वळला. तिथं लोकांनी परत आणलेली पिकअप उभी होती. मी त्याच्या मागं गेलो. त्यानं वाकून हूक पाहिला. हूक जागच्या जागी होता. नुसती खिट्टी तुटली होती. वेल्डिंगवरून त्यानं बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खाली पाहिलं, आणि मग माझ्याकडं.

"दादाराव, साखळ्या कुठं हायत?"

मी ओसरीकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

त्याला सगळं कळलं होतं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "माझी लेक लहान हाय हो, दादाराव." आणि गेला.

आता ऐका. इथपर्यंतचं कदाचित भीतीपोटी झालं, असं तुम्ही म्हणाल. पुढचं भीतीपोटी नाही झालं.

तो गेल्यावर मी गोठ्याचं दार लावलं आणि घण घेतला. मला ते वेल्डिंग तोडायचं होतं. पहिल्या घावाला काहीच झालं नाही. पाचव्याला नाही, दहाव्याला नाही. घरात बायकांचा आकांत चालू होता, त्यात घणाचा आवाज बुडून गेला. माझ्या भावाच्या नावानं रडत होत्या त्या, आणि त्या रडण्याच्या आडोशाला मी घण मारत होतो. घामानं डोळे झाकले, हाताला फोड आले. किती घाव घातले, मोजले नाहीत. लय पक्कं जोडलं होतं त्यानं. शेवटी छिन्नी लावून तोडलं. साखळ्या पडक्या आडात टाकल्या. मग दार उघडून मी माणसांना बोलावलं आणि तुटलेला हूक दाखवला.

त्याच संध्याकाळी फाट्यावरचं दुकान फोडलं. यंत्र फोडलं, पत्रे उचकटले, पाटी जाळली. मी गेलो नव्हतो. मी सुतकात होतो ना. उत्तमला मारलं की नाही, मी विचारलं नाही. दोन दिवसांनी तो बायको आणि मुलीला घेऊन गाव सोडून गेला. बौद्धवाड्यातली आणखी दोन घरं त्याच्यामागं उठली. ओढ्यातली फरशी गोळा करून, धुऊन, सभामंडपात बसवली. गावकऱ्यांनी भाऊंचं नाव दगडात कोरून तिथं लावलं. त्या नावासमोर मी इतकी वर्षं हात जोडत आलो.

नामांतर झालं त्या वर्षी कामासाठी परभणीला गेलो होतो. स्टेशनकडच्या रस्त्यावर कुणाच्या तरी दुकानात उत्तम बसलेला दिसला. लोखंडी गेट घासत होता. दाढी पांढरी झाली होती, एका डोळ्यावर पट्टी होती. दुकान त्याचं नव्हतं. मालक आतून त्याला हाका मारत होता. मी रस्ता ओलांडायला पाय उचलला. मध्ये एक ऑटो आला. तो गेला, रस्ता मोकळा झाला, आणि मी तसाच उभा राहिलो. मग स्टॅंडकडं निघून गेलो. पुढं काही वर्षांनी ऐकलं, तो वारला म्हणून. मुलगी पिंगळीच्या बाजूला दिलीय म्हणतात. मी कधी चौकशी केली नाही. तिला सांगायला गेलो असतो, तर काय सांगितलं असतं? आणि तेही मी माझ्यासाठीच केलं असतं ना?

घरात वैनी होत्या. भाऊंच्या मागं तीसहून जास्त वर्षं त्या आमच्या घरात राहिल्या. माझी पोरं त्यांनीच वाढवली. रोज सकाळी चुलीपुढं बसून त्या उत्तम मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडायच्या. त्याचा वंश बुडो म्हणायच्या. मी पाठमोरा चहा पीत असायचो. एकदाही म्हणालो नाही, वैनी, राहू द्या. तेवढं म्हणायला तर खरं सांगावं लागलं नसतं.

मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या. उठणं-बसणं बंद झालं. एके दिवशी दुपारी मी शेजारी बसलो होतो. त्या डोळे उघडून म्हणाल्या, "भावजी, एक सांगते. त्या मिस्त्रीला म्या माफ केलंय. लय वर्षं शिव्या दिल्या त्याला. आता वझं घिऊन जायचं न्हाई मला. तो कुठं भेटला तर सांगा त्याला."

तो मेलाय, हे मला ठाऊक होतं. त्यानं काही केलं नव्हतं, हेही ठाऊक होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या माझ्याकडं बघत होत्या — इतक्या मायेनं, की पुन्हा तसं कुणी माझ्याकडं बघणार नाही.

मी म्हणालो, "बरं केलंत, वैनी. सांगतो त्याला."

चार दिवसांनी त्या गेल्या.