जाहिरात शेवटपर्यंत ऐकणारे काका

जाहिरातीला पाहुण्यासारखं वागवणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच, तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा, आमचे सिरसाळ्याचे काका. तुम्हीआम्ही मोबाइलवर जाहिरात लागली की अंगठ्यानं तिला हाकलतो. काका चष्मा नीट करतात आणि शेवटपर्यंत ऐकतात. चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेला माणूस! मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, उडवा की ती." तर माझ्यावरच उखडले. "कावून उडवू? आमी गिऱ्हाइकाफुडं घंटा घंटा लुगडी उलगडलीत. ते न घेता उठलं की काय वाटतंय, तुला काय ठाव?" जाहिरात संपली की "बरं, बघू मग" म्हणून तिला रीतसर निरोप. डोक्यावर औषधालाही केस नाही, पण केस वाढवायच्या तेलवालीचं त्यांनी इतक्या वेळा ऐकून घेतलं, की तिचा आवाज आला की मावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आली बघा माझी सवत!"

पण मोबाइलला कसली आलीय भीडमुर्वत? हा म्हातारा काहीही ऐकून घेतो, हे त्या मेल्यानं बरोबर हेरलं. तेलवालीमागून गुडघ्याच्या पट्ट्याचा आला, मग प्लॉटवाला, मग पत्त्यांच्या जुगाराचा. या गर्दीत पडद्यावरची घरची माणसं मागं ढकलली गेली. आधी माझ्या मुलीचे फोटो दिसेनासे झाले, मग लिंबागणेश गावचे त्यांचे एक जुने दोस्त.

या दोस्ताबरोबर काकांनी तरुणपणी आठवडी बाजारात शेजारी-शेजारी पाल ठोकून धंदा सुरू केला होता. अलीकडे दोस्ताला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोनवर बोलणं बंद. ते रोज सकाळी गणपतीच्या देवळाचा फोटो टाकायचे आणि काका त्याखाली 'राम राम बे' लिहायचे. एवढाच दोघांचा संसार. एक दिवस फोटो दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही. "रुसला असंल. आपण कावून इचारावं?" म्हणून काकाही फुगून बसले.

तिकडे दोस्त रोज फोटो टाकतच होते. राम राम का येत नाही म्हणून झुरत होते. शेवटी त्यांनी फोटोखालीच लिहिलं, 'बीडला दवाखान्यात हाय. येऊन जा.' काकांना ते दिसलंच नाही. मला दिसलं होतं; काकांमुळे ते माझ्याही मोबाइलवर जोडलेले होते. मी राहतो बीडातच. हात जोडल्याचं चित्र डकवलं आणि अंगठा पुढं सरकवला. काकांनी बघितलंच असेल की, असं मनाशी म्हणालो. लाज वाटते मला स्वतःची.

दोस्त गेल्याचं काकांना उडत उडत कळलं, आणि ते पोचले ते थेट दहाव्याला. तिथं दोस्ताच्या सुनेनं सगळं सांगितलं. आणि परतल्यावर दोन दिवसांनी तो 'येऊन जा' काकांच्या मोबाइलवर उगवला, तेलवाली आणि प्लॉटवाला यांच्या मधोमध.

परवा सिरसाळ्याला गेलो, तर काका पुन्हा तेलवालीचंच ऐकत बसलेले. माझं डोकंच फिरलं. "अहो, अजून कशाला बघता हे? फेका तो मोबाइल!"

त्यांनी मोबाइलवरची नजर काढली नाही. "थांब जरा. त्याचा सांगावा हिच्याच मागून आलता. लई फोटो ऱ्हायलेत त्याचे बघायचे. असत्याल इथंच कुठं तरी."

मी शेजारी बसलो, आणि आम्ही दोघांनी ती जाहिरात शेवटपर्यंत ऐकली.