वाचन कट्ट्यावर बसू नये

किल्ल्याशेजारच्या बागेबद्दल वाईट लिहिताना मला थोडं दडपण येतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्या माणसांच्या कामाला नावं ठेवायची सवय नाही. पण या कामाला चांगलं म्हणणं मला जमणार नाही.

आमची खोली टॉवेलच्या कारखान्याला लागून आहे. माग सुरू झाले की भिंत थरथरते आणि वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. म्हणून बी.ए.ची दोन वर्षं मी बागेतल्या कडुनिंबाच्या पारावर अभ्यास केला. पार जुना, एका बाजूनं खचलेला होता, पण सावली दाट. तिथं बसणारे म्हातारे मला पाहून सरकून घ्यायचे.

मग बागेचं सुशोभीकरण झालं. शहराच्या नावाची मोठी लाल अक्षरं बसवली आणि ती रस्त्यावरून दिसावीत म्हणून कडुनिंब खोडापर्यंत छाटला. पार फोडून तिथं उघड्या पुस्तकाच्या आकाराचा सिमेंटचा बाक केला. त्याचं नाव वाचन कट्टा. सोलापूरच्या उन्हात, झाड छाटून, सिमेंटचा बाक करायला वेगळंच डोकं लागत असावं. दुपारी त्यावर भाकरी भाजली असती.

तरी मी आशा धरली. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. उद्घाटनाला वाचणारी मुलं हवीत असं कॉलेजात सांगितलं, तेव्हा मी आधी हात वर केला. मला वाटलं, पहिल्या दिवशी बसणाऱ्याची जागा पक्की होत असेल.

बाक तापणार हे ओळखून आईनं घरची चादर दिली होती. ती अंथरून मी आणि माझी मैत्रीण बसलो, तोच फोटोवाला म्हणाला, "ताई, चादर काढा. पुस्तकाचा आकार दिसत नाही."

"आकार दिसंल, आमी भाजून निघू त्याचं काय?" मैत्रीण पुटपुटली.

"दोन मिनिटं की. हसा जरा."

आम्ही हसलो. पाहुणे मांडवात, पंख्याखाली होते. वाचनाचं महत्त्व सांगणारं भाषण त्यांनी मोबाइलमध्ये बघून वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऊन चढायच्या आत पुस्तकं घेऊन गेले. कट्ट्याभोवती दोरी बांधली होती.

"हितं बसायचं न्हाय," रखवालदार म्हणाला.

"काका, वाचन कट्टाच आहे ना हा?"

"व्हय. पर बसून बसून रंग जातो. फोटो काढ आन् जा."

"काल मीच बसले होते इथं."

"काल पाहुणे हुते की."

हिरवळीवरही बसायला बंदी होती, आणि म्हातारे आता बागेबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभे राहायचे. मी परत आले.

आमचा फोटो पेपरात आला. वडिलांनी तो कापून खोलीच्या भिंतीवर चिकटवला. कुणी आलं की दाखवतात, "आमची पोरगी. बागेत बसून अभ्यास करते." त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ते कामावर गेले की मी कानात कापसाचे बोळे घालून त्याच भिंतीशी वाचत बसते. माग सुरू झाले की फोटोही थरथरतो. त्यातली मी अजून हसतेच आहे.