निर्मलाच्या कपाटातलं पुस्तक

मिलमध्ये नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उडालेली रुई रोज झाडा, तरी टेबलाखाली जमतेच. किस्स्यांचंही तसंच. आपण काही साठवायला म्हणून बसत नाही. आपलं काम करत असतो, आणि एक दिवस खाली वाकून बघावं तर हा ढीग!

परवा शेजारची सून विचारत होती, "काका, ही गरोदरपणाची पुस्तकं वाचून खरंच फायदा होतो का हो?" तिला सातवा महिना आणि उशाशी तीन जाडजूड पुस्तकं. आता हे माझ्यासारख्या रिटायर्ड टाइमकीपरला का विचारावं? पण विचारलं खरं. म्हटलं, "बाई, फायद्याचं मला सांगता येणार नाही. आमच्या हिंगणघाटच्या मिलच्या टाइम ऑफिसात असं एक पुस्तक होतं. त्याचे किस्से सांगतो. फायदा तूच शोध."

*

सत्तरचं दशक सरत आलं होतं. ऑफिसात आम्ही तिघं कारकून. मी, भोयर आणि झाडे. आमच्यावर मोठे बाबू, म्हणजे हेड टाइमकीपर. कामगारांची हजेरी मांडायची आणि भोंगा झाल्यावर येणाऱ्यांशी हुज्जत घालायची, हे आमचं काम. भोयरचं नुकतंच लग्न झालेलं. बायकोला दिवस गेले आणि हा पठ्ठ्या वर्ध्याच्या स्टेशनवरच्या स्टॉलवरून चक्क एक पुस्तक घेऊन आला. महिना पहिला ते महिना नववा, एकेका महिन्याचा एकेक पाठ, मध्ये मध्ये चित्रं.

घेतलं तर खरं, पण ठेवायचं कुठे? घरी आई. तिने ती चित्रं पाहिली असती तर पुस्तक चुलीत गेलं असतं आणि भोयर अंगणात. ऑफिसात ठेवावं तर मोठे बाबू कोणाचाही ड्रॉवर उघडायचे. शेवटी भोयर मला म्हणाला, "वसंतभाऊ, तुमच्याच घरी ठेवा. तुमच्या घरी कोन पाह्यते? म्हातारं मानूस नाई, पोट्टं नाई, फाटाची भीती नाई."

बोलून गेला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवस झाले, औषधं झाली, नागपूरचे मोठे डॉक्टर झाले. घरात मूल नव्हतं, आणि आम्हा दोघांना देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. मी म्हटलं, "दे इकडं."

निर्मलाने, माझ्या बायकोने, पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि कपाटात आपल्या साड्यांखाली ठेवून दिलं. अख्ख्या ऑफिसात ज्याला त्या पुस्तकाचा उपयोग नव्हता, त्याच्याच घरी ते राहायला आलं.

*

पुस्तकात लिहिलं होतं, संध्याकाळी नवऱ्याने बायकोला मोकळ्या हवेत फिरायला न्यावं. भोयरने मनावर घेतलं. पण आमच्याकडे तेव्हा नवरा-बायको जोडीने रस्त्यावर दिसले की लोक समजायचे, एक तर सिनेमाला चाललेत, नाहीतर दवाखान्यात. म्हणून त्याने आईलाही सोबत घेतलं. पुढे भोयर, मध्ये आई, मागे डोक्यावर पदर घेतलेली बायको. निघाले वणा नदीकडे.

आईने विचारलं, "कुठी चाल्लो आपुन?"

"फिराले."

"फिराले म्हंजे कोनाकडं?"

"कोनाकडं नाई. असंच जाचं आन् वापस याचं."

ती बाई जन्मात कधी रिकाम्या हाताने घरी परतली नव्हती. नदीकाठी बाभळीच्या वाळल्या काड्या दिसल्या, तशी ती थांबली. "आलोच हावो, त सरपन काऊन सोडाव?" तिने भलीमोठी मोळी बांधली. सून पोटुशी, तिला ओझं चालत नाही. आईची कंबर धरलेली. राहिलं कोण? मिलची पाळी सुटायला आणि टाइम ऑफिसचे भोयर बाबू डोक्यावर मोळी घेऊन गेटसमोरून जायला एकच गाठ पडली.

दुसऱ्या दिवशी उशिरा आलेला एक कामगार मला म्हणाला, "बाबू, हजेरी मांडा, नोका मांडू, तुमची मर्जी. फक्त भोयर बाबूले सांगा, माह्या घरचंबी सरपन सरलं हाय."

ऑफिस आठवडाभर हसत होतं. भोयरला त्याचं काही वाटलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वसंतभाऊ, मोळी उचलली तवा ती हासली. लग्नापासून पयल्यांदा मी तिले खदखदून हासताना पाह्यलं." पुस्तकात फिरण्याचे बरेच फायदे दिले होते, हा नव्हता.

*

महिना चौथा, रोज एक सफरचंद. हे वाचून झाडेने, तोवर त्याच्याकडेही बातमी होती, बाजारातून पिशवीभर सफरचंदं नेली. आमच्या गावात सफरचंद तेव्हा फक्त आजाऱ्यासाठी घेत. संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात माणसं जमली. त्यातला एक झाडेनेच दार उघडलेलं पाहून हिरमुसला आणि म्हणाला, "अबे, तू त चालून-फिरून राह्यला."

*

झाडेची सासुरवाडी श्यामजी पंताच्या तळेगावची. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचा रिवाज. सातव्यात ओटी भरली आणि सासरे येऊन लेकीला घेऊन गेले. आता बायको तळेगावला, नवरा हिंगणघाटला आणि पुस्तक आमच्या कपाटात.

झाडे दर रविवारी यायचा. निर्मला पुस्तक काढून द्यायची, चहा ठेवायची आणि आत निघून जायची. हा त्या महिन्याचा पाठ वाचायचा आणि तिथेच बसून पोस्टकार्ड लिहायचा. पण सासरी बायकोच्या नावाने कार्ड टाकणं म्हणजे फाजीलपणा. म्हणून कार्ड सासऱ्यांच्या नावाने. बायकोचं नाव त्यात लिहायचं नाही, विषयही उघड करायचा नाही. त्याने लिहिलं, "पायांवर सूज आहे काय, कळवावे."

सासऱ्यांचं उत्तर आलं. "सूज नाही. डावा गुडघा दुखतो. आजवर कोणी विचारले नव्हते. वाचून डोळे भरून आले."

आता खुलासा कोणत्या तोंडाने करणार? पुढच्या रविवारी झाडेने लिहिलं, "झोपताना डाव्या कुशीवर झोपणे उत्तम." उत्तर आलं, "तसाच झोपतो. फरक आहे." तळेगावात म्हातारा सांगत सुटला, जावई असावा तर असा. आणि बायकोचे पाय सुजले होते की नाही, हे झाडेला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुलगी झाली. तिकडून माणूस निरोप घेऊन आला तोवर ती दोन दिवसांची झाली होती, आणि बारशाआधी जावयाने जायचं नाही. त्या रविवारीही झाडे आला. नववा पाठ उघडून बसला, पण पान काही उलटेना. मग म्हणाला, "वसंतभाऊ, मी इथं वाचून राह्यलो, आन् तिनं तिकडं एकटीनं भोगलं. पोरगी कोनासारकी हाय, तेबी मले मालूम नाई." कोणासारखी तरी मुलगी असलेल्या माणसाचा मला त्या क्षणी हेवाच वाटला.

*

मोठ्या बाबूंना पुस्तकाचा सुगावा लागला तेव्हा त्यांनी आमची भरपूर टिंगल केली. "पाच लेकरं झाली मले. कवा दुखाले लागलं, कवा झालं, एकाबी खेपेले मले मालूम नाई." हे ते छाती काढून सांगायचे.

पुढे त्यांची धाकटी मुलगी, कुसुम, बाळंतपणाला माहेरी आली. माहेरी म्हणजे फक्त वडील. मोठ्या बाबूंची बायको आदल्या वर्षीच गेली होती. एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. आत येईनात. चपलेकडे बघत म्हणाले, "ते पुस्तक हाय काय जी?"

दोन दिवसांनी परत करायला आले. "चांगलं हाय. केवढं पानी प्याव, केवढं चालाव, सारं लिवलं हाय. पन पोरगी एकाएकी रडाले लागते, आन् मी समोर नुसता बसून राह्यतो. तवा काय मनाव, ते नाई त्याच्यात. तिची माय असती, त..."

निर्मला आतून ऐकत होती. हात पुसत बाहेर आली, चपला घातल्या आणि उंबऱ्यावरच थांबली. "बाबूजी, मी आली त चालन नं?"

मूल नसलेल्या बाईने गर्भारशीजवळ बसू नये असं म्हणणारी माणसं आमच्या आळीत पुष्कळ होती. डोहाळजेवणाचं बोलावणं यायचं, पण ओटी भरायची वेळ झाली की निर्मलाला कोणीतरी स्वयंपाकघरात कामाला लावायचं. ती घरी येऊन काही बोलत नसे. मला सगळं दिसायचं आणि माझा नुसता संताप व्हायचा.

मोठ्या बाबूंनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "बाई, तूच चाल."

ती त्या दिवसापासून रोज गेली. कुसुमला मुलगा झाला, त्याला पहिली आंघोळ घालताना निर्मला तिथे होती. घरी आली की तिच्या पदराला वेखंडाचा वास यायचा. त्या वासाने मला घरात बसवत नसे. मी उगाच चौकापर्यंत जाऊन यायचो.

*

मग काय, पुस्तक जायचं आणि यायचं. भोयरला दुसरं झालं, झाडेला दुसरं झालं. कॅन्टीनवाल्याने नेलं, गेटवरच्या पहारेकऱ्याने नेलं. त्याला वाचता येत नव्हतं, तो चित्रं पाहून समाधानी. प्रत्येकाचे पेढे आमच्याकडे यायचे. निर्मला देवापुढे ठेवायची आणि आम्ही दोघं एकेक खायचो.

तिने ते पुस्तक उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. परत आलं की कव्हर पुसायची, फाटलं असेल तर बदलायची आणि साड्यांखाली ठेवायची. मला वाटायचं, तिला ते सलत असेल. एकदा म्हटलंही, "भोयरला देऊन टाकतो कायमचं. कशाला आपल्या घरी?"

"राहू द्या," ती म्हणाली. "कोनाले कवा लागते, काय सांगाव."

*

आणि हा शेवटचा.

ऐंशी साल मागे पडलं होतं. माझ्या कानशिलावर पांढरे केस आले होते. एक दिवस सकाळची पाळी करून घरी आलो, तर चहाची तयारी नाही. निर्मला भिंतीला टेकून बसलेली, अंगावर बाहेर जायची साडी. मी घाबरलो. "काय झालं? बरं नाई काय?"

"डॉक्टरीन बाईकडं गेलती," ती म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बाई मनली, हाय मने."

मी होतो तिथेच खाली बसलो. हातात जेवणाचा डबा होता, तो बाजूला ठेवायचंही सुचलं नाही. आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत असं कोणाला सांगत नाहीत. ना मोठ्या बाबूंना सांगायची सोय, ना भोयरला. सांगायला घरात आम्ही दोघंच.

ती उठली. कपाट उघडलं, साड्यांखालून ते पुस्तक काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"वाचा," म्हणाली.

मी चष्मा पुसला. इतक्या जणांना ते पुस्तक दिलं, पण स्वतः एक ओळ कधी वाचली नव्हती. पहिलं पान काढलं. मोठ्याने सुरुवात केली, "महिना पहिला."

निर्मलाने पानावर हात ठेवला.

"तो राहू द्या. पयला महिना मले तोंडपाठ हाय. दुसरा काढा."