या बाजाराला माप, पुढच्या बाजाराला दाढ

डॉ. सुजाताताई रामटेके यांची आणि माझी ओळख त्यांच्या मूल या गावच्या दवाखान्यात झाली, आणि ती त्यांच्या नकाराने झाली. मी तेव्हा चामोर्शीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. मुरमुऱ्यांतला खडा चावला गेला आणि माझ्या खालच्या दाढेचा एक कोपरा उडाला. त्या दाढेत चांदीची जुनी, मोठी भरणी होती. तीही हलू लागली. सहामाही परीक्षा तोंडावर होती. खुर्चीत बसताच मी सांगितले, "काढून टाका. मला दुपारची गाडी गाठायची आहे."

ताईंनी आरसा फिरवला, दाढेवर थंड हवा मारली. मी कळवळले.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "जिवंत दाढ मी काढत नाही."

"दाढ माझी आहे."

"दाढ तुमची, पण चिमटा माझा आहे."

मला असे उत्तर देणारे त्या काळी फारसे कुणी नव्हते. मी उठून जाणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारले, "बाई, शाळेच्या छपरावरचे चार कवेलू फुटले तर तुम्ही शाळा पाडता का?"

"कवेलू फेरते."

"मग तेच करू."

दाढांच्या ज्या उपचारासाठी आज आमचा भाग ताईंना ओळखतो, तो मी त्या दिवशी असा समजून घेतला. त्याला 'ऑनले' म्हणतात. दाढ इतकी फुटलेली असते की नुसती भरणी टिकत नाही, चावताना उरलेल्या भिंतीही चिरतात. पण दाढेवर पूर्ण टोपी बसवायची तर चारही बाजूंनी चांगली दाढ घासावी लागते. या दोहोंच्या मधला हा मार्ग. किडलेले, कमजोर तेवढेच काढायचे, चावण्याचा वरचा भाग आणि खचलेले कोपरे मापाने बनवलेल्या एका तुकड्याने झाकायचे, आणि भक्कम आहे त्याला हात लावायचा नाही. माझी ती दाढ अजून तोंडात आहे. त्या दिवशीची गाडी मात्र चुकली.

पुढे ताईंनीच मला विचारले की चामोर्शीचे लोक सहन होईनासे झाल्यावरच मूलला का येतात. मी म्हणाले, लोक बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडतात, दुखण्याच्या दिवशी नाही. पुढच्याच बाजाराला त्या घडीची खुर्ची आणि दोन पेट्या घेऊन एसटीने चामोर्शीत उतरल्या. माझ्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. तिथे त्यांचा बाजाराच्या दिवसाचा दवाखाना सुरू झाला आणि तो आजही त्याच खोलीत आहे.

ऑनलेला दोन बैठका लागतात. पहिल्या वेळी दाढ घडवून तिचे माप घ्यायचे, वर तात्पुरता लेप लावायचा. ते माप चंद्रपूरच्या लॅबमध्ये जाते. तुकडा तयार होऊन आला की दुसऱ्या वेळी तो चिकटवायचा. शहरात रुग्णाला तारीख देतात. आमच्याकडे तारीख कुणाच्या ध्यानात राहत नाही, बाजार राहतो. म्हणून ताईंनी नियम केला, "या बाजाराला माप, पुढच्या बाजाराला दाढ." शिंप्याच्या दुकानात शोभावे असे हे वाक्य इतके रुळले की लोक मला बाजारात थांबवून विचारत, "बाई, माही दाढ शिवून आली का जी?"

ताई ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढल्या. त्यांचे वडील वीज केंद्रात फिटर होते. बौद्ध घर, शिक्षणाचा ध्यास आणि कामात हयगय न करण्याची शिस्त, हे त्यांना घरातूनच मिळाले. दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे पाहायला वडील निळा रंग लावत. रंग जिथे उठला तिथेच कानस. ताई रुग्णाच्या दातांत रंगीत कागद ठेवून "चाव" म्हणतात, तेव्हा तेच करत असतात. "ठोकून बसवलं ते बसलेलं नसतं," हे वडिलांचे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

त्याचा अनुभव बाजारात टोपल्या विकणाऱ्या एका भाऊंनी घेतला. त्यांचा तुकडा लॅबमधून आला, पण दाढेवर ठेवल्यावर एका कडेला बारीक फट राहिली. मला ती दिसतही नव्हती. ताईंनी तुकडा बाजूला ठेवला. "पुन्हा माप."

भाऊ चिडले. "आता तिसरा बाजार लागन जी, मॅडम! थोडं घासून बसवा ना. दाराची फळी आमी रंधा मारूनच बसवतो."

"दाराच्या फटीतून वारा येते, भाऊ. दाढेच्या फटीतून कीड येते."

"मंग आजच्या दिवस टोपलीभर शिव्या देऊन जाऊ का?"

"टोपली ठेवून जा. शिव्या न्या."

ते हसले आणि तिसऱ्या बाजाराला आले. टोपली अजून खोलीत आहे.

कडक बोलण्यात ताई मलाही हार जात नाहीत, पण त्यांचे कडक शब्द खर्ऱ्यासाठी राखीव असतात. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून सपाट झालेल्या, तडे गेलेल्या दाढा हे आमच्या जिल्ह्यांचे जुने दुखणे आहे. आमच्याच शाळेतले एक मास्तर गालात खर्रा धरून "नवी पद्धत" करून घ्यायला आले. ताई म्हणाल्या, "आधी थुंका, मग बोला." नवे कवेलू घालून वर रोज दगड मारणाऱ्याच्या घराचे काम आपण घेत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मास्तरांनी खर्रा सोडला असे मी इथे लिहिणार नाही, कारण ताईंच्या साठीचा हा गौरवग्रंथ तेही वाचतील. पुष्कळ कमी केला. तेवढ्यावर ताईंनी त्यांची एक दाढ वाचवली, दुसरीला अजून थांबवून ठेवले आहे.

आता यशोदाबाईंची हकीकत. ताईंविषयी मला एकच गोष्ट सांगायला मुभा दिली असती, तर मी हीच सांगितली असती.

यशोदाबाई चामोर्शीजवळच्या एका गावच्या. मजुरी करणाऱ्या. उजवीकडच्या त्यांच्या दाढा दुखल्या तशा एकेक करून कुणीकुणी काढून टाकल्या होत्या. डावीकडे वर-खाली मिळून चावणारी एकच जोडी उरली होती, आणि तिच्यातली खालची दाढ अर्धी फुटली होती. ती गेली असती तर भात गिळण्यापलीकडे त्या बाईंच्या नशिबी काही उरले नसते. ताईंनी दाढ घडवली, माप घेतले, लेप लावला आणि पुढच्या बाजाराला बोलावले.

पुढच्या बाजाराला यशोदाबाई आल्या नाहीत. धान रोवण्याचे, लावणीचे दिवस होते. दुपारपर्यंत वाट पाहून ताईंनी तुकड्याची डबी उघडली. नखाएवढा धातूचा तुकडा. त्या म्हणाल्या, "बाई, हा जगात एकाच दाढेवर बसतो. दुसऱ्या कुणाला देता येत नाही." डबी पिशवीत टाकून त्या उभ्या राहिल्या. "गाव दाखवा."

सडकेपर्यंत ऑटो गेला. पुढे आम्ही शेताच्या धुऱ्यावरून चिखल तुडवत गेलो. पाणी भरलेल्या बांधीत बाया ओळीने वाकून रोवणा करत होत्या. एकीने मान वर केली आणि ओरडली, "अवं यशोदे, तुही दाढ पायी पायी आली वं!"

सगळी ओळ हसली. यशोदाबाई पदराने तोंड झाकून काठाशी आल्या. "दुखून नाई राह्यलं जी, मॅडम. मंग कायले येऊ म्हटलं."

"तोंड उघड."

ताईंनी तिथेच, चिखलात उभ्या राहून, बॅटरीने पाहिले. लेप निघून गेला होता. "कवा पडला?"

"परवा. सुकटीसंगं गिळली वाटते."

"काऊन नाई आली मंग?" ताई रुग्णांशी त्यांच्याच बोलीत बोलतात. "भिंती पातळ करून ठेवल्या हाये मी. आता एक खडा लागला त दाढ उभी चिरते. मंग मलेबी काई करता येत नाई. आज चाल."

यशोदाबाईंचा चेहरा उतरला. "आज ही बांधी संपवाची हाय जी. मी गेली त माह्या जागी दुसरी येते. मंग उद्यापासून मले कोण बोलावते?"

मालक छत्री घेऊन धुऱ्यावर उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण आभाळ भरून आले होते आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे धानरोपांच्या, पेंढ्या पडून होत्या. "मॅडम, रोवणा झाल्यावर न्या ना. एक बाई कमी झाली त रांग मोडते."

ताई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमच्या माहेरी धान होतं ना?"

"होतं."

"मग साडी खोचा."

मी साडी खोचली. त्यांच्या सांगण्यात विनंती नव्हती की हुकूम नव्हता. एवढे काम आहे आणि ते करायला एवढी माणसे आहेत, असा साधा हिशेब होता. मालक गडबडले. "बाई, तुमी... माही पोरगी तुमच्या शाळेत हाय जी."

"मग तिला शाळेत पाठवत राहा," मी म्हणाले आणि बांधीत उतरले.

दाढ पूर्ण कोरडी ठेवल्याशिवाय तुकडा चिकटत नाही. ते काम शेतात होण्यासारखे नव्हते. ताई यशोदाबाईंना ऑटोत घालून चामोर्शीला गेल्या आणि मी ओळीत वाकले. शेजारच्या बाया लगेच सुरू झाल्या.

"बाई, पऱ्हं हाय ते, खडू नोहे. खाली दाबा."

"बाई, रांग वाकडी चालली. आता छडी कोणाले?"

"मलाच," मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला जरा सांभाळून घेतले.

अंधार पडण्याआधी दोघी परत आल्या. यशोदाबाई बांधीत उतरल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हरवल्यासारखा भाव होता. मी विचारले, "काय झालं? बसली नाही का?"

"बसली जी. जिभेले कुठी लागूनच नाई राह्यली. हाय का नाई, तेच समजत नाई."

धुऱ्यावर उभ्या ताई हे ऐकून इतक्या मोकळ्या हसल्या, की तसे हसताना मी त्यांना क्वचितच पाहिले आहे. चांगल्या ऑनलेची याहून अचूक परीक्षा कुठल्या पुस्तकात असेल असे मला वाटत नाही. यशोदाबाईंनी मात्र मी लावलेली रोपे एकेक करून उपटली, पुन्हा नीट लावली आणि मगच त्या पुढे सरकल्या.

आता तुकडे दातांच्या रंगाचे येतात, मापही कुठे कुठे कॅमेऱ्याने घेतात. ताईंनी हे सारे वेळोवेळी शिकून घेतले. तरुण दंतवैद्य त्यांच्याकडे येऊन बसतात, त्यांना त्या शिकवतात. पण अजूनही एखादा नवखा डॉक्टर उत्साहाने चांगली दाढ घासायला निघाला की त्या हात धरतात. "भिंत उभी आहे ना? मग राहू दे."

यंदा ताईंनी साठी पूर्ण केली. वर्षानुवर्षे वाकून काम करून त्यांची मान दुखते. चामोर्शीचा बाजार सोडावा, मूलपुरतेच काम ठेवावे, असा विचार त्यांनी मध्यंतरी माझ्याजवळ बोलून दाखवला. थकलेल्या माणसाला गळ घालणे मला पटत नाही.

त्याच दिवशी यशोदाबाई आल्या. आता त्या काठी टेकत येतात. काही दुखत नव्हते. पदराच्या गाठीतले फुटाणे सोडून त्यांनी एक डाव्या गालात टाकला आणि ताईंच्या समोर उभ्या राहून चावला. कट्ट असा आवाज झाला.

"आयकलं का जी?"

"ऐकलं," ताई म्हणाल्या. "बस, कडा पाहू दे." नेहमीसारखा आरसा फिरवून, टोकाने कडा चाचपून त्या म्हणाल्या, "चांगली हाय. रोवण्याच्या आधी एकदा दाखवून जा."

"तुमी असान ना इथी?"

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "असंन ना, बाप्पा. तू ये."

सुजाताताई, तुमची मान बरी राहो, हात स्थिर राहोत आणि नजर अशीच बारीक फट शोधत राहो. शंभराव्या वर्षीही तुम्ही स्वतःच्या दाढांनी फुटाणे खावेत. या ग्रंथासाठी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्या सर्वांच्या वतीने मी हे मागते. चामोर्शीला येत राहण्याचे वचन मात्र मी नाही, यशोदाबाईंनी मागून घेतले आहे. खोलीचे दार मी उघडून ठेवीन. पुढच्या बाजाराला या.