कुंदाशी अर्धं राहिलेलं भांडण

बँकेत पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत गेली होती, तेव्हा सायलीचा फोन आला. काउंटरवर असताना मी फोन घेत नाही हे तिला पक्कं ठाऊक. तरी तो वाजतच राहिला, म्हणून उचलला आणि जरा खेकसूनच म्हणाले, "काय झालं वं?"

"मावशी, आई गेली. कॉलेजातच. तास संपवून बाहेर आली अन् व्हरांड्यात खाली बसली... मंग उठलीच नाई."

रडणं नाही, हुंदका नाही. कोणी निरोप वाचून दाखवावा तसा आवाज. मी कॅश शेजारच्याच्या हवाली केली आणि तशीच अकोल्याच्या बसस्टँडवर आले. अमरावतीपर्यंतच्या वाटेत मी रडले असं कोणाला वाटेल, पण खरं सांगायचं तर मी कुंदाशी भांडत होते. आमचं भांडण अर्धवट होतं. ते सायलीवरूनच होतं आणि माझे मुद्दे अजून संपले नव्हते. असं मधूनच उठून जायचं असतं का?

कुंदा आणि मी अमरावतीला होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती तिवस्याजवळच्या खेड्यातली, बौद्धपुऱ्यातली. वडील गावच्या मालकाकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणारे. मी शेंदूरजनाघाटची, घरचा संत्र्याचा बगीचा. सुरुवातीला आमचं जमलंच नाही. ती पहाटे उठून मोठ्यानं वाचायची आणि मी झोपेतच तिला उशी फेकून मारायची. एकदा तिनं ती उशी परत दिलीच नाही, खाली घेतली आणि तिच्यावर बसून आरामात पाठांतर करत राहिली. मला हसू फुटलं आणि तिथून आमची मैत्री झाली. पुढं मी बी.ए. होऊन बँकेची परीक्षा दिली आणि सुटले. कुंदा मात्र थांबायला तयार नव्हती. एम.ए. झाली, नेट झाली, लग्न झालं, सायली झाली, सायली दोन-अडीच वर्षांची असताना नवरा अपघातात गेला, आणि त्या सगळ्यातून मान खाली घालून तिनं पीएच.डी. पूर्ण केली.

तेव्हा गावानं तिची मिरवणूक काढली होती. पुढं बँड, त्याच्यामागं नवा सदरा घातलेले तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. विहाराकडं सरळ रस्ता होता, पण आबांनी मिरवणूक वळवली ती मालकाच्या घरावरून. दारासमोर बँड थांबवला आणि आतली माणसं ओट्यावर येईपर्यंत वाजवायला लावला. कुंदा लाजेनं अर्धी झाली होती. "चाल ना वं, आबाले सांग ना पुढं चाला म्हणून," असं म्हणत ती माझा हात ओढत होती. मी कशाची सांगते! मी नाचत होते.

त्यानंतर काय झालं ते आपल्याकडच्या शिकलेल्या घरांना सांगायला नको. कुंदा तासिका तत्त्वावर लागली. जितके तास शिकवाल तितकाच मोबदला, उन्हाळ्यात काही नाही, आणि पावसाळ्यात पुन्हा नव्यानं मुलाखत. दरवर्षी स्वतःच्याच जागेसाठी मुलाखत द्यायची! एका वर्षी तर समोर बसलेल्यांमध्ये तिचाच जुना विद्यार्थी होता. "आपल्याविषयी थोडं सांगा, मॅडम," असं तो तिला म्हणाला. हे सांगताना कुंदा हसत होती. खाली गृहपाठ करत बसलेली सायली हसली नव्हती. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून ती पोरगी लहानपणापासून या मुलाखतींना आईबरोबर जायची, बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसायची. आई आत जाताना आणि बाहेर येताना कशी दिसते, हे तिच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

म्हणून बारावीला चांगले गुण मिळवून सायलीनं "मी कॉलेजात जाणार नाई, आयटीआय करणार, वीजतंत्रीचं," असं सांगितलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. कुंदाला मात्र आभाळ कोसळल्यासारखं झालं. मायलेकींचं बोलणं बंद झालं. दोघी मला वेगवेगळे फोन करायच्या. शेवटी मी एका रविवारी अमरावतीला गेले. कुंदानं पिठलं-भाकर केली होती, पण ताटावर कोणी वर पाहत नव्हतं.

"सांग तिले," कुंदा मला म्हणाली. "डिगरी काय फक्त नौकरीसाठी असते काय? आमच्या मालकाचा नातू माह्या वर्गात होता. मी आत गेली की उठून उभा राहे. आबानं ज्या ओट्याखाली उभं राहून जिंदगी काढली, त्या ओट्यावरचा पोरगा! हे कशात मोजतं तू?"

सायलीनं घास खाली ठेवला. "तो उभा राहे, अन् पुढच्या साली तूच मुलाखतीले उभी राहे. एवढं शिकून काय फायदा झाला, आई? सांग ना."

कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. कुंदाचा चेहरा असा झाला की मला तिथं बसवेना. पण तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि माझं मत विचारल्यावर मनात एक ठेवून तोंडानं दुसरं बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, "कुंदा, मले पोरीचं पटते. हातात काम येईल, दोन वर्षांत कमावती होईल. तुह्यासारखी वाट पाहत बसणार नाई."

ती ताट उचलून मोरीकडं गेली. संध्याकाळी मला सोडायला मात्र बसस्टँडवर आली. गाडी लागली, मी खिडकीशी बसले, तेव्हा खालून म्हणाली, "तू बी.ए.वर थांबली, तुले चाललं. तुह्या मांगं बगीचा होता. माह्या मांगं काय होतं वं? अन् माह्या पोरीच्या मांगं काय हाये? हे एवढंच तर हाये." मी उत्तर देणार तेवढ्यात गाडी हलली. तेच आमचं शेवटचं बोलणं. उत्तर मी बडनेऱ्यापर्यंत जुळवलं होतं, फोनवर सांगीन म्हणून ठेवलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्या गावी झाला. सकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडवात जमली, भंतेजी यायचे होते. कुंदाच्या मोठ्या भावानं भिंतीवरचा तिचा पदवीचा फोटो उतरवून आणला. काळा झगा, डोक्यावर टोपी, हातात गुंडाळी. आमच्याकडं कितीतरी घरांत असा एक फोटो असतो, पाहुणा आला की त्याला आधी तो दाखवतात. त्यानं तो फोटो टेबलावर मांडला, हार घातला. सायली पुढं आली आणि तिनं हार काढून हातात घेतला.

"हा नाई, मामा. साधा फोटो ठेवा. घरातला."

"काहून? गावाले तर तिचा हाच फोटो ठाऊक हाये."

"त्या झग्यानं काय देलं तिले?"

बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. मामाच्या कपाळावरची शीर फुगली, मला वाटलं, आता हात उचलतो. तेवढ्यात आबा खुर्चीतून बोलले. आता त्यांना नीट दिसत नाही, पण आवाज अजून खणखणीत आहे.

"तोच राहू द्या." मग नातीच्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "कॉलेजात नाव टाकलं काय बाई तू?"

सगळ्यांसमोर. आईच्या फोटोसमोर. दोन दिवसांनी प्रवेशाची मुदत संपत होती, हे त्या मांडवात प्रत्येकाला माहीत होतं. मी मनात म्हटलं, पोरी, आजच्या दिवस खोटं बोल.

"नाई टाकलं, आबा. टाकणार बी नाई."

हात चाचपत आबांनी तिच्या हातातला हार घेतला आणि अंदाजानं फोटोला घातला, तो तिरपाच पडला. कोणी सरळ केला नाही. वंदना सुरू झाली तेव्हा सायली मांडवाबाहेर जाऊन पाण्याच्या टाकीशी उभी राहिली आणि शेवटपर्यंत आत आली नाही. लोक म्हणाले, पोटची पोरगी, पण डोळ्यांत टिपूस नाही. मला त्या लोकांचा राग आला, आणि तिचाही आला.

तिला मी अकोल्याला घेऊन आले. जुन्या शहरात माझं घर आहे, एक खोली तशीही रिकामीच असते. ती पुढं जे ठरवील त्यात मी मध्ये पडणार नाही असं मी ठरवलं होतं. पण खरं सांगते, त्या दिवसांत माझं मन ठिकाणावर नव्हतं. मला तिचंच पटत होतं, आणि बसस्टँडवरचा कुंदाचा प्रश्नही डोक्यातून जात नव्हता. पदवी परवडते की नाही, हे विचारणाऱ्याच्या मागं काय उभं आहे त्यावर ठरतं, एवढं मला कळलं होतं. त्यापुढचं कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. मुदत संपली, कॉलेजचा विषय बंद झाला. आणि एका सकाळी मी पालक म्हणून तिच्याबरोबर आयटीआयच्या प्रवेशाला गेले.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता, नुसता बोलका होता. संगणकावर माहिती भरता भरता तो एकेक विचारत होता. वडील? नाहीत. आई? नाही. आईचं शिक्षण? सायली म्हणाली, "पीएच.डी."

त्याचे हात थांबले. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हसून म्हणाला, "आई पीएच.डी. अन् पोरगी वायरमन! मंग एवढं शिकून काय फायदा झाला बाप्पा त्या बाईले?"

हे शब्द मी ऐकलेले होते. सायलीचेच होते ते, पिठल्याच्या ताटावरचे. मी तिच्या बोटांकडं पाहत होते. खिडकीच्या लोखंडी चौकटीवर ती बोटं पांढरी पडली होती.

कुंदाची एक सवय होती. कोणी तिला हिणवलं की तिचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. वऱ्हाडी गळून पडायची आणि वर्गात शिकवतानाची मराठी यायची, एकेक शब्द सुटा, सावकाश. होस्टेलच्या मेट्रनपासून कॉलेजच्या बाबूपर्यंत त्या आवाजापुढं सगळे चाचरायचे.

"माझ्या आईचं नाव लिहिलंत, त्याच्याआधी डॉक्टर लिहा."

"इथं तशी जागा नाई, बेटा."

"मग जागा करा. त्यांनी ती पदवी मिळवलेली आहे."

तोच आवाज माझ्या शेजारून आला होता. कीबोर्ड वाजत होता, म्हणजे तो लिहीत असावा. मी मान खाली घालून तशीच उभी राहिले, वर बघायचं मी टाळलं. वर बघितलं असतं तर तिथं सायली दिसली असती.