पुढची अर्धी शेड

पेंटरबाईला जळायला काडीपेटी लागत नाही, असं गल्लीत म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण आधी निदान तिच्या जळण्याची कारणं धंद्यातली असायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं नवा कॉम्प्रेसर आणला, समोरच्याला टॅक्सीवाल्यांचं काम मिळालं, असली. या वेळी कारण घरातूनच चालत आलं. धाकट्या भावाची बायको, लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, जेवता जेवता म्हणाली, "शेडची पुढची बाजू रिकामीच असते ना, ताई? मी तिथं गाड्या चमकवायचं दुकान काढते."

"रिकामी? तिथं माझे दरवाजे आहेत."

दरवाजे म्हणजे भंगारातले. कुठल्या कुठल्या गाड्यांचे, वडील होते तेव्हापासून भिंतीला टेकलेले.

"त्या दरवाजांतून कोण येतं-जातं गं?" आई म्हणाली, आणि भाऊ ठसका लागेपर्यंत हसला. तिथंच निकाल लागला.

शेड वडिलांची. डेंटिंग-पेंटिंग पेंटरबाईला वडिलांनीच शिकवलं, आणि ते गेल्यावर दुकान हिनं एकटीनं ओढलं. भाऊ बस चालवतो. त्याला गाडी पुढं गेली म्हणजे झालं, रंग कुठला का असेना. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मालक कुठं आहेत?" ही स्प्रेगन हातात धरून म्हणायची, "समोर उभे आहेत, डोळे पुसून बघा." बाईनं गाडी रंगवली की लोक आधी बाई तपासतात, मग रंग. ते सगळं तिनं पचवलं, आणि गप्प बसून नाही, शिव्या देऊन पचवलं. एवढ्या वर्षांत आईनं मात्र शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. म्हणे, थिनरच्या वासानं डोकं उठतं.

भावजय लग्नाआधी एका मोठ्या शोरूममध्ये गाड्या धुवायला होती. तिथं बघून बघून शिकलेली. तिनं पुढची बाजू खरवडून काढली, फरशीला करडा रंग दिला, पाणी वाहून जायला मोरीकडे उतार काढला. छताला आणि दोन्ही भिंतींना दिव्यांच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे गाडीवरचा केसाएवढा ओरखडाही दिसावा. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खंगाळायची, आणि तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली वाळू परत फडक्याला लागत नाही. फडक्यांचेही रंग ठरलेले. काचेचं निळं, आतलं पिवळं, चाकांचं काळं.

"फडक्यांना शाळेचे गणवेश शिवलेत हिनं," पेंटरबाई म्हणाली. पण बोर्ड रंगवायची वेळ आली तेव्हा ब्रश तिच्याच हातात आला. वाकडातिकडा काढावा असं मनात येऊन गेलं. हात ऐकेना. बोर्ड असा झाला, की रस्त्यावरून जाणारा थांबून वाचायचा, आणि वाचून भावजयीकडे जायचा.

मधे जाड प्लास्टिकचा पडदा टांगला आणि पेंटरबाईनं कायदा सांगितला. "तुझ्या टायर चमकवायच्या बाटल्या पडद्याच्या आत यायच्या नाहीत. त्यात सिलिकॉन असतं. त्याचा थेंब जरी रंगाखाली गेला, तरी रंग बसत नाही, खड्डे पडतात."

"हो ताई. मी रस्त्यावरच लावीन, तेही स्पंजवर घेऊन."

आणि ती तसंच करायची, न चुकता. त्याचाही पेंटरबाईला राग यायचा. चुकली असती तर बोलता तरी आलं असतं.

दुकान चालायला लागलं. गिऱ्हाइकं भावजयीला "मॅडम" म्हणायची. हिला अजून "ओ पेंटर". तेही चाललं असतं. पण एके दिवशी पेंटरबाईनं पडद्याच्या फटीतून बघितलं तर आई! पुढच्या खुर्चीत बसलेली. मांडीवर फडक्यांचा ढीग, घड्या घालतेय, आणि एका गिऱ्हाइकाला सांगतेय, "आमच्या सूनबाईच्या हाताखालून गाडी गेली की तोंड बघून घ्या तीत."

"आई, वास येत नाही का इथं?" पेंटरबाईनं आतून विचारलं.

"इकडे कुठं येतोय? इकडे लिंबासारखा वास आहे."

त्या दिवसापासून आई रोज यायची. पडद्यापर्यंत. पेंटरबाईनं पुट्टी एवढी घासली की पत्रा दिसायला लागला.

मग तो दिवस आला. घड्याळवाल्या काकांची निळी गाडी आत उभी होती. काका डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे, आणि बाकीचं जगही तसंच बघायचे. बॉनेटचं काम त्यांनी इतर कुणाला दिलं नव्हतं. दुपारी सासू-सून जेवायला घरी गेल्या. पेंटरबाई एकटीच. पुढच्या फळीवर टायरची बाटली होती. एवढं काय आहे तरी काय त्यात, बघू या. रस्त्यावर कुणी बघेल म्हणून बाटली तिनं पडद्याच्या आत आणली. स्वतःचा कायदा स्वतःच मोडला. फडक्यावर लिंबाच्या वासाचे चार थेंब घेतले आणि आपल्या जुन्या स्कूटरचं पांढरं पडलेलं काळं प्लास्टिक चोळलं. प्लास्टिक क्षणात नव्यासारखं काळंभोर झालं.

"चमकतंय की मेलं," ती म्हणाली. तिनं बाटली होती तशी, त्याच तोंडानं फळीवर ठेवली. फडकं सवयीनं कमरेला खोचलं.

संध्याकाळी बॉनेटवर रंग मारला आणि बघता बघता ओल्या रंगात मोहरीएवढे खड्डे उघडले. एक, चार, मग सगळीकडे, जणू कुणी आतून फुंकर घालतंय.

पेंटरबाईनं पडदा फाडल्यासारखा बाजूला केला. "ये! ये, बघ तुझी करणी! सांगितलं होतं ना बाटल्यांचं? काकांना काय तोंड दाखवू मी?"

"मी बाहेरच लावलं, ताई... सकाळी एकच गाडी..." भावजय पांढरी पडली.

"मग हे आकाशातून पडलं?"

ड्युटी संपवून आलेला भाऊ दारात उभा होता. त्यानं बॉनेट बघितलं, बहिणीचं तोंड बघितलं, आणि बायकोला म्हणाला, "ताईचं पोट या रंगावर आहे. गुंडाळ तुझं. दुसरीकडे जागा बघू."

आईनं मांडीवरची फडकी खाली ठेवली आणि खुर्ची मिटली.

पेंटरबाई जिंकली. हात पुसायला तिनं कमरेचं फडकं ओढलं, आणि लिंबासारखा वास आला. रंग मारायच्या आधी बॉनेटवर शेवटचा हात तिनं याच फडक्यानं फिरवला होता. पण तोंड आधीच सुटलेलं होतं, आणि सुटलेलं तोंड मागं घ्यायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. फडकं तिनं कचऱ्याच्या डब्यात खोल दाबलं.

सकाळी भावजय बादल्या एकात एक घालत होती, भाऊ शिडीवर चढून दिव्यांच्या पट्ट्या उतरवत होता, आई सुतळी धरून बसली होती. तेवढ्यात काका आले. बॉनेटवर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पेंटरबाई तोंड उघडणार, तोच भावजय पुढं झाली. "काका, चूक माझी आहे. माझ्या सामानामुळं झालं. ताईंच्या हाताला नाव ठेवू नका. मी दुकान हलवतेय."

काका सरळ झाले. "पोरी, असं सांगायला छाती लागते."

"गुणाचीच आहे माझी सून," आई म्हणाली आणि डोळे टिपत तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पेंटरबाईनं तो हात बघितला. आईचा हात, वरून खाली, सावकाश. तो हात कशाबद्दल मिळत होता? पेंटरबाईच्या चुकीबद्दल! ते मात्र तिला सोसवेना.

"काय म्हणून तुझी चूक?" ती ओरडली. "पुढची बाजू घेतलीस, मॅडम झालीस, आई घेतलीस. आता माझी चूकपण तूच घे! चूक माझी आहे. बाटली मी आत आणली. मी!"

शिडीवरचा भाऊ पट्टी हातात धरून तसाच राहिला. "तू? कशाला?"

"स्कूटर पुसली."

"त्या खटाऱ्याला पावडर लावलीस?" आईला हसू आलं. ते दाबायला तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे काही थांबेनात.

भावजय मात्र हसली नाही. हातातली बादली तिनं आपटली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या, ताई. कुठं चुकले, कुठं चुकले, एकेक हात आठवत बसले. बाटली मागायची होती. अख्खी दिली असती."

"दिली असतीस, माहितीय. तेच तर नको होतं मला."

काकांनी खाकरून विचारलं, "दोघींत चूक कुणाची ते सावकाश ठरवा. माझं बॉनेट कधी मिळेल?"

"परवा," पेंटरबाई म्हणाली. मग भावाकडे न बघता, "खाली उतर तू. लाव त्या पट्ट्या परत. कुणी कुठं हलत नाही." माफीबिफी तिनं मागितली नाही. तिच्या तोंडून माफी यायची तर एवढीच.

दुपारी ती बॉनेट घासायला बसली. पडदा सरकला. भावजय आत आली. हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले, कमरेला फडकंबिडकं काही नाही. न विचारता तिनं पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि पलीकडच्या बाजूनं सुरुवात केली. पुढून आईचा आवाज येत होता, कुठल्याशा गिऱ्हाइकाला सुनेचं कौतुक सांगत होती. पेंटरबाईनं कान बंद करायचा प्रयत्न केला. कान काही बंद होईनात.

घासून झालं. पेंटरबाई उठून भावजयीच्या बाजूला गेली, डोळे मिटून तिनं पत्र्यावर तळवा फिरवला. कडेपर्यंत नेला, परत आणला. कुठं तरी खडबड लागेलच.

"इथं राहिलंय," ती म्हणाली.

भावजयीनं बोट फिरवून बघितलं. "नाही राहिलेलं, ताई."

"माहितीय मला. घास."