तिसऱ्या पिंजऱ्याची नोंद

पिंजऱ्याला हात लावण्याआधी शेवंतामावशी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या. बाहेर रायपूर तापलेलं असलं तरी आमच्या कॉलेजचं अ‍ॅनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा, एसीमुळे गार असे. "थंड हात लागला का उंदराले वाटते, साप आला," त्या म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी सेंट लावून गेले, तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. "वास धुऊन ये पोट्टे, मग बोलू."

त्या तिथल्या मदतनीस. वडील भंडाऱ्याकडून आलेले, नवरा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात, स्वतःचं शिक्षण आठवीपर्यंत. मी पुण्याहून पीएच.डी.साठी आले होते. या शहरात माझ्याशी मराठीत बोललेलं पहिलं माणूस म्हणजे त्याच.

तू नेमकं काय करतेस, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, कॅन्सरच्या गाठीभोवतीचा भाग रक्तापेक्षा जरा आंबट असतो. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक कणांमध्ये आम्ही औषध भरतो. कण रक्तात बंद राहतात, आंबटपणा लागला की उघडतात. म्हणजे औषध गाठीपाशीच सुटतं, बाकी शरीराला त्रास कमी.

"म्हणजे आमच्या घरच्यांचा डबा," मावशी म्हणाल्या. "कारखान्यात पोचल्यावरच उघडायचा. सायकलवर सांडला नाही पाहिजे." मग थोडं थांबून, "पण डबा कायचा बनवला, तेही पाहा लागते."

मी हसले. डब्याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता.

गाठी असलेल्या उंदरांचे तीन पिंजरे होते. पहिल्याला साधं औषध, दुसऱ्याला कणांमध्ये भरलेलं, तिसऱ्याला नुसतेच रिकामे कण. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या गाठी झपाट्याने लहान होत होत्या. गाईड सर खूश होते, शोधनिबंध लिहायला घेतला होता. अशात एका सकाळी मावशी म्हणाल्या, "तिसऱ्या पिंजऱ्यातले घर बांधून नाही राहिले."

त्या प्रत्येक पिंजऱ्यात कापूस ठेवायच्या. बरा असलेला उंदीर रातोरात त्याचं गोल घरटं करतो. तिसऱ्या पिंजऱ्यातला कापूस जसाच्या तसा पडून होता. पहिल्या-दुसऱ्यातलाही तसाच होता, पण तिथे आम्ही दोष औषधाच्या माथी मारत होतो. तिसऱ्यात तर औषधच नव्हतं, आणि कण टोचण्याआधी तिथले उंदीर गाठी असूनही घरटी करत होते.

"वजनं ठीक आहेत ना, मावशी."

"काट्यावर नसन दिसत. मले दिसते."

पिंजऱ्यांच्या रोजच्या नोंदींचं रजिस्टर उघडून पाहिलं. अकरा दिवस रोज एकच ओळ, त्यांच्या मोठ्या, गोल अक्षरात. 'घर नाही बांधलं.' हे रजिस्टर प्राण्यांची देखरेख पाहणाऱ्या समितीपुढे जाणार होतं, आणि माझी मुदत संपत आली होती. मी म्हणाले, "हे कापसाचं लिहायची गरज नसते. पान नव्याने लिहू या का?"

मावशी चिडल्या नाहीत. पिंजऱ्याचं दार लावून त्यांनी रजिस्टर आणि पेन माझ्यासमोर ठेवलं.

"मले दिसलं म्हणून लिहिलं. तुले खोडायचं असन तर खोड. पण खाली सही तुझी कर."

आणि त्या पाठ फिरवून पाण्याच्या बाटल्या धुवायला लागल्या. मी पेन हातात घेऊन किती वेळ उभी होते, आठवत नाही. शेवटी रजिस्टर तसंच उचलून सरांकडे नेलं. ते आधी वैतागले. मग अकरा ओळी वाचल्या आणि म्हणाले, "यकृतं तपासायला पाठव."

तिसऱ्या पिंजऱ्यातली यकृतं खराब झाली होती. ज्या पदार्थाचे कण केले, तोच विषारी ठरत होता. शोधनिबंध थांबला. नवा पदार्थ शोधण्यात दीड वर्ष गेलं. त्या काळात मावशींनी जुना विषय एकदाही काढला नाही. नव्या कणांची पहिली चाचणी सुरू झाली, तेव्हा मात्र एका सकाळी त्यांनी मला बोटाने खुणावलं. "ये, पाय." मी वाकून पाहिलं. कापसाच्या गोल घरट्यातून दोन कान वर आले होते.

मला पदवी मिळेपर्यंत त्या निवृत्त झाल्या होत्या. मी आता नवा रायपूरमधल्या एका संस्थेत काम करते. गेल्या वर्षी प्रबंधाची एक प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. फार थकल्या होत्या. इंग्रजी पानं उलटत उलटत त्या उंदराच्या फोटोपाशी थांबल्या.

"माणसाले कधी देशीन?"

"माहीत नाही, मावशी. अजून बरीच वर्षं लागतील. कदाचित तिथवर पोचणारही नाही."

त्या नाराज होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली. "हे बरं सांगतलं." मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धाकट्या बहिणीचं सांगितलं. "तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टर म्हणे, गाठ कमी होऊन राहिली. होऊनही राहिली होती. पण तिनं जेवण सोडलं, बोलणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहे. मी सांगत होती सगळ्यायले. कोणी लिहूनच नाही घेतलं."

त्यांनी फोटोतल्या उंदरावर बोट ठेवलं.

"घाई नको करू," त्या म्हणाल्या. "पण सोडूनही नको देऊ."

"हव, मावशी," मी त्यांच्याच बोलीत होकार दिला.

त्यांनी प्रबंध मिटला आणि मांडीवरच ठेवून घेतला. हिवाळा सुरू होता होता त्या गेल्या.